सक्तीचा रकाना

दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे अर्जांचा मोसम सुरू होतो. अकरावी प्रवेश, आयटीआय, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर. बोईसर स्टेशनच्या बाहेर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानांपुढे सकाळपासून रांग असते. कुणाची आई बुरख्यात, कुणाची साडीत. हातात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात घरातले सगळे कागद. बाप पहिल्या पाळीला एमआयडीसीत गेलेला. दुकानातला मुलगा स्क्रीनवरची नजर न काढता विचारतो, "नाम? बाप का नाम? सरनेम?" अर्जाची पहिली अडचण इथेच येते.

आमच्या पट्ट्यात एक छोटी तालीम कमिटी आहे. बोईसर, तारापूर, पालघर, मनोर इथल्या दहावी-बारावी पास मुलांना ती दरवर्षी फीसाठी थोडीफार मदत करते. पैसा काही जकातीचा, काही देणगीचा. आतापर्यंत अर्ज कागदावर असायचा. वर्षानुवर्षं त्याच मूळ प्रतीच्या झेरॉक्स निघत गेल्याने शेवटच्या ओळी वाचताही यायच्या नाहीत. यंदा कमिटीने ठरवलं, अर्ज ऑनलाइन करायचा. मी पोटापाण्यासाठी संगणकाचंच काम करतो आणि रविवारी मोहल्ल्यातल्या मुलामुलींना एचटीएमएल शिकवतो. त्यामुळे काम आमच्या वर्गाकडे आलं. कमिटीचे सदर चाचा म्हणाले, "बेटा, काही विशेष नाही. हा कागद आहे तसा कॉम्प्युटरवर चढवायचा."

त्या कागदावर एकतीस रकाने होते. आम्ही ते एकेक करून वाचायला बसलो आणि पहिला रविवार त्यातच गेला.

ज्यांनी हे काम कधी केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेबपानं ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात तिचं १९९१ च्या सुमाराचं रूप मुख्यतः वाचण्यापुरतं होतं. टिम बर्नर्स-ली यांनी ती मांडली तेव्हा एक साधा शोधाचा रकाना सोडला, तर वाचणाऱ्याला काही लिहून पाठवायची सोय तिच्यात नव्हती. १९९३ मध्ये मोझॅक या ब्राउझरमध्ये फॉर्म दिसू लागले आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएल २.० च्या मानकात त्यांना कायमची जागा मिळाली. तेव्हापासून मूळ साहित्य फारसं बदललेलं नाही. सगळ्याला कवेत घेणारा 'फॉर्म' हा टॅग. त्याच्या आत एका ओळीच्या उत्तरासाठी 'इनपुट', लांब उत्तरासाठी 'टेक्स्टएरिया', यादीतून निवडायला 'सिलेक्ट', एकच पर्याय घ्यायला रेडिओ बटण, अनेक घ्यायला चेकबॉक्स. प्रत्येक रकान्याला त्याची ओळख सांगणारं 'लेबल', आणि शेवटी पाठवायचं बटण.

पहिल्याच दिवशी मी मुलांना एक गोष्ट करून दाखवतो. रकाना तयार करा, पण त्याला 'नेम' हा गुणधर्म देऊ नका. रकाना स्क्रीनवर व्यवस्थित दिसतो, त्यात टाइप करता येतं, बटणही दाबलं जातं. पलीकडे मात्र त्या रकान्यातलं काहीच पोहोचत नाही. ज्या रकान्याला नाव नाही त्याचं उत्तर ब्राउझर पाठवतच नाही. मुलं हसतात, मग पुन्हा करून बघतात. फॉर्म भरणाऱ्याला हे कधी कळणार नाही. ते फक्त फॉर्म बनवणाऱ्याला माहीत असतं.

आता रकान्यांकडे येतो.

पहिला रकाना नावाचा. कागदावर तीन भाग होते: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला यात काही वेगळं वाटत नाही. शाळेच्या पटापासून मतदार यादीपर्यंत हाच क्रम आपल्या डोळ्यांना सवयीचा आहे. कोकणी मुस्लिम घरांना आडनावं आहेत आणि ती या क्रमात बसतात. पण बोईसर हे काही एका गावाचं नाव राहिलेलं नाही. तारापूरच्या कारखान्यांसाठी उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, झारखंड अशा कुठून कुठून माणसं आली आणि इथलीच झाली. तिकडच्या अनेक मुस्लिम घरांत आडनाव नावाची चीजच नसते. मुलाच्या नावाचा बापाच्या नावाशी काही जोड नसतो. मुलीचं नाव फातिमा खातून असलं तर खातून हे आडनाव नाही, तिच्या आईचं आडनाव बेगम नाही आणि आजीचं बी नाही. पण तीन रकान्यांच्या फॉर्मने खातून, बेगम आणि बी यांना आडनावं करून टाकलं, आणि एकाच घरातल्या तीन बायका कागदावर तीन घराण्यांच्या झाल्या. मुलाचं नाव मोहम्मद पासून सुरू होत असलं की तोही अडकतो. त्याला सगळे ज्या नावाने हाक मारतात ते आडनावाच्या रकान्यात जातं आणि बँकेचा संदेश येतो, "प्रिय मोहम्मद". घरात चार मोहम्मद असतात.

हा गंमतीचा विषय नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीने नियम लावला की पासपोर्टवर एकाच शब्दाचं नाव असलेल्या माणसाला पर्यटन किंवा भेटीच्या व्हिसावर प्रवेश मिळणार नाही. पुढे खुलासा आला की पासपोर्टच्या दुसऱ्या पानावर वडिलांचं किंवा कुटुंबाचं नाव असेल तर चालेल. आखातात भाऊ किंवा मुलगा असलेल्या घरांत त्या दिवसांत काय धावपळ झाली असेल, ते वाचकांपैकी अनेकांना सांगायची गरज नाही.

वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने जगभरच्या नावांवर एक मार्गदर्शक लेखच प्रसिद्ध केला आहे. त्यातला सल्ला सरळ आहे: नावाचे तुकडे करण्याची खरंच गरज आहे का ते आधी तपासा, नसेल तर पूर्ण नावासाठी एकच रकाना ठेवा. आम्ही तेच केलं. लेबल लिहिलं, "दाखल्यावर आहे तसं पूर्ण नाव". लांबीची मर्यादा सढळ ठेवली. वर्गातल्या एका मुलाने उत्साहाने 'पॅटर्न' लावला होता, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरंच स्वीकारणारी अट. तो काढायला लावला. शेख हे नाव देवनागरीत एकाच तऱ्हेने लिहिलं जातं आणि रोमन लिपीत त्याची चार स्पेलिंगं होतात. मराठी शाळेच्या दाखल्यावर ते देवनागरीत असेल तर आमच्या फॉर्मने ते देवनागरीतच घ्यावं.

दुसरा रकाना वडिलांच्या नावाचा, पुढे लाल चांदणी. चांदणी म्हणजे सक्तीचा. एचटीएमएलमध्ये त्यासाठी एकच शब्द लागतो, 'रिक्वायर्ड'. तो रकान्याला जोडला की उत्तर भरल्याशिवाय ब्राउझर फॉर्म पुढे जाऊ देत नाही. पूर्वी यासाठी वेगळा प्रोग्राम लिहावा लागे. एचटीएमएल ५ ने ते एका शब्दावर आणलं, आणि ते सोपं झाल्यामुळे आता जो तो प्रत्येक रकान्याला हा शब्द लावत सुटतो.

कमिटीत जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक मॅडम आहेत. त्यांनी सांगितलं, मागच्या वर्षी एका मुलीने अर्ज नेला आणि परत आणलाच नाही. ऐंशीच्या पुढे टक्के होते. मॅडम घरी गेल्या तेव्हा अर्ज फ्रिजवर तसाच होता, सगळा भरलेला, वडिलांचं नाव सोडून. बाप सात वर्षांपूर्वी निघून गेलेला. आई एका कंपनीत पॅकिंगला जाते. मुलगी म्हणाली, "त्यांचं नाव लिहिलं तर सही पण त्यांचीच लागेल ना?"

चाचा गप्प झाले. मग म्हणाले, "पण बापाचं नाव नाही तर अर्ज कुणाचा म्हणायचा?"

मॅडम म्हणाल्या, "मुलीचा."

यावर बराच वेळ बोलणं झालं. चाचांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. एकाच नावाची चार मुलं असली तर ओळखायची कशी? पण ओळखायला दाखल्याचा क्रमांक होता, जन्मतारीख होती, शाळा होती. शिवाय राज्य सरकारही आता निराळ्या वाटेने चाललं आहे. मार्च २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव येईल. जो रकाना पिढ्यान् पिढ्या नव्हता तो एका निर्णयाने आला. म्हणजे रकाने आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी बसून ते ठरवतं. आमच्यापुरतं आम्ही ठरवलं: "पालकाचं नाव", आणि खाली एक 'सिलेक्ट': आई, वडील, आजी-आजोबा, मामा-काका, मोठं भावंड, इतर. चाचांनी "मोठं भावंड" स्वतःहून घालायला सांगितलं. त्यांचे वालिद लहानपणी गेले आणि त्यांना मोठ्या बहिणीने शिकवलं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

पत्त्याची गोष्ट वेगळी. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, ठाण्यातून वेगळा होऊन. वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा असे आठ तालुके. त्यानंतर किती तरी वर्षं अनेक खासगी वेबसाइटींच्या यादीत आमचा जिल्हा नव्हताच. आधारवर पालघर, फॉर्ममध्ये ठाणे, आणि मग "पत्ता जुळत नाही" म्हणून अर्ज परत. 'सिलेक्ट' ही सोयीची चीज आहे, टाइप करण्याचा त्रास वाचतो. पण यादी बनवणाऱ्याला जेवढं माहीत तेवढंच जग तिच्यात असतं. यादीच्या शेवटी "इतर" आणि त्यापुढे लिहायला जागा नसेल, तर यादीत नसलेल्या माणसाला खोटं तरी बोलावं लागतं किंवा निघून जावं लागतं.

गावाच्या रकान्याला म्हणून आम्ही यादी लावली नाही. तारापूरला देशाची पहिली अणुवीज १९६९ मध्ये सुरू झाली हे आम्ही शाळेत अभिमानाने पाठ केलं. पुढे ३ आणि ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्या आल्या तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावं उठली आणि दुसरीकडे वसवली गेली. उठलेल्या गावातला माणूस आपल्या गावाचं नाव सोबत घेऊन जातो. त्याचा पिनकोड काय, जुनं गाव लिहायचं की नवं, हे यादीला कळत नाही. आम्ही मोकळा रकाना ठेवला, सोबत 'डेटालिस्ट' जोडली. तिच्यात टाइप करताना सुचवण्या येतात, पण त्याच निवडायची सक्ती नसते. पालघर, मनोर, चिंचणी, दांडी, नवापूर. हवं ते घ्या, नाहीतर आपलं लिहा.

मातृभाषेच्या रकान्यावर वर्गातली मुलंच भांडली. कागदी अर्जावर तो रकाना होता आणि त्यात आधीच छापलेलं होतं: उर्दू. छापणाऱ्याने विचार केला असेल, अर्ज करणारी मुलं आपलीच, मग भाषा दुसरी कुठली? बारावीतली एक मुलगी म्हणाली, "सर, माझ्या घरात उर्दू फक्त दुआपुरती आहे. अम्मी, नानी सगळ्या आमच्या कोकणीत बोलतात, आणि मी विचार करते तो मराठीत." दुसरा म्हणाला, "आमच्यात भोजपुरी." आकड्यांकडे बघा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे १ कोटी ३० लाख मुस्लिम होते आणि उर्दू मातृभाषा सांगणारे सुमारे ७५ लाख. उर्दू सांगणारे सगळेच्या सगळे मुस्लिम धरले तरी ५४ लाखांवर मुस्लिमांनी आपली मातृभाषा दुसरी सांगितली. एवढ्या लोकांना एका आधीच भरलेल्या रकान्याने उर्दूभाषक करून टाकायचं म्हणजे जरा जास्तच झालं. मी इथे मराठीत लिहितो तेव्हा आजही कुणीतरी विचारतंच, "तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?" माझ्या मते हा प्रश्न अशाच आधी भरलेल्या रकान्यांतून येतो.

उर्दूशी माझं वैर नाही, ती गोड भाषा आहे. प्रश्न एवढाच होता की मुलाची मातृभाषा कळल्यावर कमिटी काय करणार? मॅडमनी सांगितलं, "काही नाही. कधी कुणी वाचलंही नाही." मग रकाना काढला. त्याऐवजी एक प्रश्न आला: "कमिटीने तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलावं?" त्याच्या उत्तराचा मात्र उपयोग होता. फोन कुणी करायचा ते त्यावरून ठरणार होतं.

इथून पुढे आम्हाला कसोटी सापडली. प्रत्येक रकान्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं: हे उत्तर हातात आल्यावर आपण नेमकं काय करणार? उत्तर असेल तर रकाना राहील. "असू द्या, कधी लागलं तर" असं उत्तर आलं तर रकाना जाईल.

जातीच्या रकान्यावर ही कसोटी अवघड गेली. कागदी अर्जावर तो नव्हताच. "आपल्यात जात नसते" हे वाक्य आपल्याकडे जितक्या सहज बोललं जातं तितकं ते साधं नाही. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन, कुरेशी असे कितीतरी समाज महाराष्ट्राच्या ओबीसी यादीत आहेत, छप्परबंद विमुक्त जातींत आहेत, तडवी आदिवासींत आहेत. नव्वदच्या दशकात शब्बीर अन्सारी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुस्लिम ओबीसी चळवळ उभी केली, दिलीपकुमारसारखा नट तिच्या सभांना आला, तेव्हा कुठे लोकांनी दाखले काढायला सुरुवात केली. तरीही मी एक असा फॉर्म पाहिला आहे की धर्माच्या यादीतून "मुस्लिम" निवडलं की जातीचा रकाना आपोआप राखाडी होतो. एचटीएमएलमध्ये त्याला 'डिसेबल्ड' म्हणतात. इथे एक बारकावा आहे जो मी वर्गात आवर्जून सांगतो. 'रीडओन्ली' रकाना बदलता येत नाही, पण त्यातलं उत्तर पाठवलं जातं. 'डिसेबल्ड' रकाना दिसतो, पण त्यातलं काहीच पाठवलं जात नाही. पलीकडे बसलेल्या माणसाला असा काही प्रश्न होता हेही कळत नाही. आणि मग तोच म्हणतो, मुस्लिमांकडून ओबीसीचे अर्जच येत नाहीत.

आमची मदत जातीवर नव्हती, म्हणून जात विचारण्याचं कारण नव्हतं. पण एक मुलगा म्हणाला, "सर, ज्यांच्याकडे दाखला नाही त्यांना सरकारी शिष्यवृत्तीबद्दल सांगता तर येईल." हे खरंच होतं. म्हणून जात न विचारता आम्ही एक चेकबॉक्स ठेवला: "जातीचा दाखला किंवा सरकारी शिष्यवृत्ती काढायला मदत हवी आहे." चेकबॉक्सचा स्वभाव असा की खूण केली नाही तर तो काहीच पाठवत नाही. इथे तो स्वभाव कामी आला. ज्याला नको त्याच्याबद्दल आमच्याकडे काही नोंदच राहणार नाही.

जकातीचंही तसंच. जकात कुणाला द्यायची याचे नियम आहेत आणि ते पाळावेच लागतात. शिवाय जकात घ्यायला संकोच वाटणारी घरंही असतात. आमच्याकडे अर्ज करणाऱ्यांत आदिवासी पाड्यांवरची आणि चाळीतल्या शेजाऱ्यांची मुलंही असतात. त्यांना देणगीच्या पैशातून मदत होते. म्हणून धर्म विचारण्याऐवजी थेट विचारलं: "मदत कशातून चालेल?" आणि तीन रेडिओ बटणं दिली: जकात, देणगी, दोन्ही चालेल. कामाची माहिती मिळाली आणि कुणाची वंशावळ विचारावी लागली नाही.

उत्पन्नाच्या रकान्यात 'नंबर' प्रकार लावावा असं मुलांना वाटलं. कागदावर लिहिलं होतं "वार्षिक उत्पन्न, पगाराच्या पावतीसह". एमआयडीसीत ठेकेदाराकडे असलेल्या माणसाला कसली पावती? काम असलं तर महिना भरतो, नसलं तर अर्धा. आम्ही वार्षिक काढून "मागच्या महिन्यात घरात साधारण किती आले" असं विचारलं आणि कागदाची सक्ती काढली. चाचांना शंका होती, लोक खोटं सांगतील. मॅडम म्हणाल्या, "पावती मागितली तर खोटी पावती आणतील, त्यापेक्षा घरी जाऊन चहा पिऊन येऊ." तसं ठरलं. मोबाइल नंबर मात्र 'नंबर' प्रकारात घ्यायचा नाही, 'टेल' मध्ये घ्यायचा. फोन नंबर ही बेरीज-वजाबाकीची संख्या नाही, आणि 'टेल' लावला की फोनवर आकड्यांचा कळफलक आपोआप उघडतो. हेही लक्षात ठेवावं लागतं, कारण आमच्याकडे फॉर्म लॅपटॉपवर कुणी भरत नाही. भेगा पडलेल्या काचेच्या मोबाइलवर, दुसऱ्या पाळीहून आल्यावर, रात्री अकराला भरतात.

एकच फोन तीन-चार घरांत फिरतो, हीसुद्धा इथली हकीकत. ब्राउझर आधीच्या माणसाने भरलेलं लक्षात ठेवतो आणि पुढच्याला सुचवतो. शेजारणीने आपला मिळकतीचा आकडा भरला की तो खालच्या मजल्यावर दिसणार. म्हणून तशा रकान्यांना 'ऑटोकम्प्लीट' बंद ठेवायला सांगितलं. फॉर्म 'गेट' पद्धतीने पाठवला तर उत्तरं पानाच्या पत्त्यात दिसतात आणि फोनच्या इतिहासात राहतात. म्हणून 'पोस्ट' पद्धत लावली, आणि तीही एचटीटीपीएस असलेल्या पानावरच, नाहीतर पोस्टही वाटेत उघडी पडते. रकान्यांची नावं आत फिकट अक्षरांत लिहिली नाहीत. टाइप करायला लागलं की ती गायब होतात आणि माणूस विसरतो कुठे काय लिहितो आहे. नावं बाहेर, 'लेबल' मध्ये लिहिली. अंध मुलाचा फोन वाचून दाखवतो तोही हेच लेबल, आणि लेबलवर बोट ठेवलं तरी रकाना उघडतो.

शेवटचा वाद फोटोचा. कागदावर वरच्या कोपऱ्यात फोटोची चौकट होती, तीही सक्तीची. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की ती येणार. इथे मात्र मी अडून बसलो. जुलै २०२१ मध्ये 'सुल्ली डील्स' आणि १ जानेवारी २०२२ ला 'बुल्ली बाई' नावाचं प्रकरण झालं. बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या मुस्लिम बायकांचे फोटो उचलून त्यांचा लिलाव मांडल्याचं नाटक केलं गेलं. ते फोटो त्यांनी स्वतः कुठेतरी टाकलेले होते. मग सतरा वर्षांच्या दीडशे मुलींचे फोटो, नावं, फोन आणि पत्ते एका यादीत गोळा करून आपण ती कुठे ठेवणार? कुणाच्या लॅपटॉपवर? त्याचा पासवर्ड कोणाला माहीत? देशात २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्यातही कामापुरतीच माहिती घ्यावी हे तत्त्व आहे. पण कायदा नसता तरी हा प्रश्न आपल्याला पडायला हवा होता. कुणाच्या लेकीची माहिती म्हणजे अमानत. जी अमानत सांभाळता येणार नाही ती मागायची कशाला?

चाचा म्हणाले, "ठीक आहे, फोटो नको. चेहरा तर घरी गेल्यावर दिसेलच."

एकतीस रकान्यांचे अकरा झाले. त्यांतले चार सक्तीचे: नाव, दाखल्याचा क्रमांक, फोन आणि कोणत्या शिक्षणासाठी मदत हवी. शेवटी एक मोठी 'टेक्स्टएरिया' ठेवली, चांदणी न लावता: "आणखी काही सांगायचं असेल तर." मुलांनी विचारलं होतं, हे कोण भरणार? भरलं. कुणी लिहिलं, कंपनीत स्फोट झाल्यापासून अब्बूंना नीट ऐकू येत नाही, फोन संध्याकाळी करा. कुणी लिहिलं, मला नर्सिंगला जायचं आहे पण घरी सांगितलेलं नाही, कृपया घरी बोलू नका. एका मुलाने फक्त एवढंच लिहिलं की मागच्या वर्षी मदत मिळाली होती, यंदा नको, भाऊ कामाला लागला. मागच्या वर्षीच्या त्या मुलीचाही अर्ज आला. पालकाच्या रकान्यात आईचं नाव होतं.

हे सगळं सांगण्याचं कारण आमच्या कमिटीचं कौतुक नाही. आपला समाज फॉर्म भरण्यात वाकबगार झाला आहे. आधार, रेशन, मतदार यादी, नावातल्या एका अक्षराची दुरुस्ती, एवढं भरलंय आपण की आंधळ्यानेही भरता येईल. मुलांना संगणक शिकवा म्हटलं की आपण त्यांना टायपिंग शिकवतो, म्हणजे पुन्हा भरायलाच. फॉर्म बनवायला शिकवत नाही. तो शिकायला काही मोठी पदवी लागत नाही, चार-पाच रविवार पुरतात. आणि ज्याने स्वतः एकदा एखाद्या रकान्यासमोर 'रिक्वायर्ड' लिहिलं किंवा पुसलं, त्याला पुढे कुठल्याही खिडकीवर विचारता येतं: साहेब, हा रकाना सक्तीचा का आहे?

वर्गातली ती कोकणीवाली मुलगी परवा एका कॉलेजच्या फॉर्मवरून ऑफिसात हाच प्रश्न विचारून आली. आडनावाचा रकाना रिकामा राहत होता, तिच्या मैत्रिणीचा. क्लार्क म्हणाला, "टिंब टाका आणि पुढे जा." तिने टिंब टाकलं नाही. लेखी अर्ज दिला की हा रकाना ऐच्छिक करावा, आणि खाली दोघींनी सही केली. उत्तर अजून आलेलं नाही.